मातीतली काशी

काशीयात्रेला निघालेली मराठी मंडळी मुगलसराय, म्हणजे २०१८ पासूनचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, मागे टाकून गंगेच्या पुलावर आली म्हणजे डब्यात एकच धांदल उडते. गाडीचा वेग मंदावतो, म्हातारी माणसे हात जोडतात, आणि सगळे डाव्या हाताच्या खिडक्यांशी दाटी करतात. कारण डावीकडे घाटांची ती सुप्रसिद्ध चंद्रकोर दिसू लागते. काही वर्षांपूर्वी मी मातोश्रींना घेऊन काशीस गेलो, तेव्हा आमच्याही डब्यात हेच घडले. त्या गडबडीत उजव्या बाजूच्या खिडक्या अगदी मोकळ्या राहिल्या होत्या. त्या बाजूस, पूल जेथे काशीच्या काठाला टेकतो तेथे, एक उंच पठारवजा टेकाड आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

या टेकाडाचे नाव राजघाट. वरुणा नदी जेथे गंगेला मिळते त्या संगमाजवळ ते उभे आहे. डावीकडे दिसणारे दगडी घाट बहुतेक अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे आहेत. त्यांच्या बांधणीत मराठ्यांचा हातभार मोठा होता. आजचे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात बांधविले. म्हणजे ज्या दर्शनाने आपण सनातन काशीच्या कल्पनेत रमून जातो, ते दर्शन फार तर अडीच-तीनशे वर्षांचे आहे. खरोखरीची प्राचीन काशी, म्हणजे बुद्धाच्या आधीपासून नांदणारी वाराणसी, ही उजवीकडच्या त्या टेकाडाच्या पोटात आहे. आज मी तिच्याविषयी, आणि तेथे राहणाऱ्या साध्या माणसांच्या दैनंदिन जीवनाविषयी बोलणार आहे.

हे टेकाड जगापुढे आले ते विद्वानांच्या शोधामुळे नव्हे. १९४० साली काशी स्टेशनच्या विस्तारासाठी रेल्वेने तेथे खोदकाम काढले. मातीबरोबर मूर्ती, मणी, नाणी, खापरे आणि मातीचे शिक्के निघू लागले. मजुरांच्या हातून त्यांतील पुष्कळ वस्तू बाजारात गेल्या, आणि तेथून ठिकठिकाणच्या संग्रहांत पोहोचल्या. राय कृष्णदासांनी स्थापन केलेल्या भारत कला भवनाने त्यांतील मोठा भाग काशीतच राखला, हे त्यांचे उपकार होत. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या वतीने कृष्णदेव यांनी तेथे उत्खनन केले. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे अवध किशोर नारायण यांनी १९५७-५८ मध्ये, आणि नंतर १९६० ते १९६९ या काळात, पद्धतशीर उत्खनन करून थरावर थर उलगडून दाखविला.

या उत्खननावरून असे दिसते की, राजघाटावर इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास वस्ती झाली. अलीकडे या शतकाच्या आरंभी विदुला जायसवाल यांनी सारनाथजवळील अक्था येथे उत्खनन केले. त्यावरून या परिसरातील वस्ती याहूनही बरीच मागे नेता येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. राजघाटच्या अगदी खालच्या थरांत काळी-तांबडी भांडी आणि लोखंडाच्या वस्तू मिळाल्या. त्याच आरंभीच्या काळात या लोकांनी मातीचा एक प्रचंड बांध घातलेला आढळतो. ज्याने पावसाळ्यातील गंगा पाहिली असेल त्याला त्याचे कारण सांगावयास नको. वाराणसीच्या नागरिकांचे पहिले मोठे सार्वजनिक काम म्हणून ज्याकडे बोट दाखविता येते, ते देऊळ नाही, राजवाडा नाही. ती मातीची भिंत आहे.

त्यावरच्या थरांत घरे येतात, आणि त्या काळच्या संपन्न घरांची खूण असलेली काळी चकचकीत भांडी येतात. आरशासारखी तुकतुकीत असलेली ही भांडी आजही हातात घेतली तर कुंभाराच्या कसबाचे आश्चर्य वाटते. हाडांची टोकदार अणी, दगडी व काचेचे मणी, नाणी आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी मिळतात. गुप्तकाळाच्या थरांतील मातीच्या मूर्ती तर अप्रतिम आहेत. वासुदेवशरण अग्रवाल यांनी त्यांतील स्त्रीपुरुषांच्या केशरचनांचा बारकाईने अभ्यास केला. कोणाचे कुरळे केस खांद्यांवर रुळत आहेत, तर कोणाच्या केसांची ठेवण मोहोळाच्या पोळ्याप्रमाणे आहे. देवादिकांच्या मूर्तींत न सापडणारी अशी काशीतल्या रस्त्यावरची माणसे या मृण्मूर्तींत भेटतात.

मातीने जे सांगितले नाही त्यातले थोडेसे जातककथांनी सांगितले आहे. या पाली कथांपैकी असंख्य कथांचा आरंभ वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना होतो. त्यांतील पद्ये जुनी असून गद्य बऱ्याच उत्तरकालीन संकलनातले आहे, तेव्हा त्यांचा पुरावा जपून वापरावा लागतो. तथापि कथाकार भोवतालचे जे तपशील सहज बोलून जातो, त्यांत सत्याचा अंश पुष्कळ असतो. अलीनचित्त जातकात वाराणसीजवळ पाचशे सुतारांचे एक गाव आहे. हे सुतार नावेत बसून नदीच्या वरच्या अंगास जातात, अरण्यात लाकूड तोडतात, तेथेच खांब, तुळया वगैरे घराचे भाग तयार करतात आणि प्रत्येकावर खूण घालतात. मग ते सारे नावेत भरून शहराच्या काठी आणतात, आणि ज्याला जसे घर हवे तसे उभारून देतात. दुसऱ्या एका कथेत हस्तिदंताचे काम करणाऱ्यांची स्वतंत्र आळी आहे. बुद्धाच्या आरंभीच्या शिष्यांत यश हा वाराणसीच्याच एका धनाढ्य श्रेष्ठीचा मुलगा होता.

आणि काशीच्या वस्त्रांची कीर्ती तर सर्व पाली वाङ्मयात दुमदुमते आहे. एका टीकाकाराने तिची कारणेही दिली आहेत. तेथील कापूस चांगला, सूत कातणारे व विणणारे कुशल, आणि धुण्याचे पाणी मृदू. म्हणून ते कापड दोन्ही बाजूंनी मऊ लागते, असे तो म्हणतो. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक असलेले डॉ. मोतीचंद्र हे मूळचे काशीचे, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यातले. त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काशी का इतिहास’ या ग्रंथात या व्यापारी, कारागीर काशीचे विस्तृत चित्र उभे केले आहे.

याच जातकांत बावेरू नावाच्या दूरच्या देशाची एक मौजेची कथा आहे. त्या देशात पक्षी नव्हते. आपल्याकडचे व्यापारी गलबतावरून एक कावळा घेऊन तेथे गेले. लोकांनी तो अपूर्व प्राणी पाहून शंभर नाण्यांस विकत घेतला, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवला, आणि फळे व मांस खाऊ घातले. पुढच्या खेपेस व्यापाऱ्यांनी मोर नेला. त्याला हजार नाणी पडली, आणि कावळ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. हा बावेरू म्हणजे बाबिलोन, असे विद्वान मानतात. कथेतील गंमत बाजूस ठेवली तरी युफ्रेटिस नदीच्या काठचे ते शहर आपल्याकडच्या कथाकारांना नावाने ठाऊक होते, एवढे तिच्यावरून कळते.

बाबिलोनच्या दक्षिणेस, त्याच नदीच्या मुखाकडे, त्याहूनही जुनी सुमेरी लोकांची शहरे होती. उरुक, उर, लगश ही त्यांची नावे. जातके रचली गेली त्या काळी सुमेरी राज्ये लयास जाऊन हजारो वर्षे लोटली होती. तेव्हा काशी आणि उर ही समकालीन शहरे नव्हेत, हे आधीच सांगतो. तरीदेखील दोघांना शेजारी ठेवून पाहण्यात मोठा बोध आहे.

उर येथे लेनर्ड वूली याने १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षे उत्खनन केले. तेथल्या राजांच्या दफनभूमीतील सोने जगप्रसिद्ध झाले. परंतु सुमेरचे खरे धन सोन्यात नाही, ते मातीच्या पाट्यांत आहे. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास या लोकांनी ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उमटवून लिहावयास आरंभ केला, आणि तो आरंभ महाकाव्यासाठी नव्हता, हिशेबासाठी होता. किती मेंढ्या आल्या, किती जव गेले, कोणाला काय दिले, याच्या त्या नोंदी होत. पुढे उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी २१०० ते २००० या शतकात, हा कारभार इतका बारकाईने चालला की माझ्यासारख्या सरकारी नोकराचीही मान लवावी. पुरुष मजुराला महिन्याला ६० सिला जव आणि स्त्रीला ३० सिला, असे शिध्याचे सर्वसाधारण प्रमाण होते. एक सिला म्हणजे सुमारे एक लिटर. विणकामाच्या मोठ्या शाळांत राबणाऱ्या स्त्रियांच्या आणि त्यांच्या मुलांच्या याद्या आहेत. कोणाला किती लोकर, किती जव, किती तेल मिळाले ते त्यांत आहे.

जव हेच त्यांचे मुख्य अन्न. त्याची भाकरी करावयाची आणि त्याचीच बिअर गाळावयाची. जोडीला कांदा, खजूर आणि नदीतील मासे. घरे कच्च्या विटांची, कारण त्या देशात दगड नाही आणि चांगले लाकूडही नाही. उर येथे वूलीला सुमेरी सत्तेच्या अस्तानंतरच्या दोन-तीन शतकांतील घरांची एक पेठच सापडली. मध्ये चौक, भोवती खोल्या, बाहेरच्या बाजूस गल्लीकडे जवळजवळ आंधळी भिंत. आपल्याकडील वाड्यात वाढलेल्या माणसाला त्या नकाशात फारसे परके वाटणार नाही.

लेखनिक घडविण्यासाठी तेथे शाळा होत्या. त्यांना ‘पाट्यांचे घर’ म्हणत. एका सुमेरी रचनेत शाळकरी मुलाच्या दिवसाचे वर्णन आहे. त्याला उशीर झाला म्हणून छडी, बोलला म्हणून छडी, अक्षर वाईट म्हणून छडी. शेवटी मुलगा बापाला गळ घालतो, बाप गुरुजींना घरी बोलावून जेवू घालतो, नवे वस्त्र आणि भेट देतो, आणि गुरुजी मुलाची तोंड भरून स्तुती करू लागतात. हे वाचताना ४००० वर्षांचे अंतर क्षणात नाहीसे होते. त्यांच्या गणिताचा पाया ६० हा होता, आणि आपण आज तासाची ६० मिनिटे मोजतो ती याच परंपरेने. उरमधल्याच एका घरात इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराचे एक तक्रारीचे पत्र मिळाले. ते सुमेरी भाषेतले नाही, त्या मुलखात तिच्या जागी आलेल्या अक्कदी भाषेतले आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाईकाने एआनासिर या व्यापाऱ्याला बजाविले आहे की, तू मला हलके तांबे दिलेस आणि माझ्या माणसाचा अपमान केलास. ती पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता आपण काशीकडे परत येऊ. काशीच्या विणकराला काय मजुरी मिळत असे? आपल्याला ठाऊक नाही. ज्या वस्त्राची स्तुती सर्व वाङ्मयात भरून राहिली, ते विणणाऱ्या एकाही हाताचे नाव त्या थरांतून वर आलेले नाही. सुमेरी कापडाचे गोडवे गाणारा कोणी उरला नाही, पण विणणाऱ्या बायकांच्या याद्या उरल्या. त्या पाचशे सुतारांनी एका घराचे किती घेतले? श्रेष्ठीने नावाड्याला काय दिले? कोणी कोणाला हलका माल दिल्याबद्दल खरमरीत पत्र लिहिले? असली पत्रे काशीत लिहिली गेली नसतील असे कोण म्हणेल? एवढी मोठी बाजारपेठ हिशेबावाचून चालत नाही. फरक पडला तो लिहिण्याच्या साधनाचा. सुमेरी माणसाजवळ माती होती, म्हणून त्याने मातीवर लिहिले. ती पाटी वाळली, कधी आगीत भाजली गेली, आणि टिकली. आपल्याकडे भूर्जपत्र, ताडपत्र, लाकडी फळी आणि कापड ही साधने होती. गंगाकाठच्या दमट मातीत ती टिकत नाहीत. वाळवी आणि पाऊस यांनी तो सारा दप्तरखाना खाऊन टाकला.

त्या दप्तराचा मात्र एक अवशेष राजघाटावर मोठ्या संख्येने सापडला आहे, आणि तो म्हणजे मातीचे शिक्के. माझ्या नोकरीच्या आरंभी मी सरकारी लखोट्यांवर लाखेची मोहोर करण्याचे काम पुष्कळ केले आहे. लखोटा पोहोचला की लाख फोडावयाची, टाकून द्यावयाची आणि कागद फाइलीस लावावयाचा, हा क्रम. राजघाटावर बरोबर उलटे घडले आहे. पत्र किंवा गाठोडे दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबीत, आणि त्यावर मुद्रा उठवीत. पत्र गेले, दोरी कुजली, आणि फोडून टाकलेले ते मातीचे गोळे मात्र राहिले. काहींच्या पाठीवर दोरीचा वळ अजून दिसतो.

या ठशांवर व्यक्तींची नावे आहेत. वाराणसीच्या नगर-अधिकरणाची, म्हणजे शहराच्या सरकारी कचेरीची मुद्रा आहे. गुप्तकाळातील अविमुक्तेश्वराच्या देवस्थानाची मुद्रा आहे; अविमुक्तेश्वर हे काशीच्या शिवाचे जुने, एके काळी सर्वांत मान्यतेचे नाव. त्यावरून देवस्थानालाही पत्रव्यवहार होता, आणि तो अधिकृत शिक्क्यानिशी चालत होता, हे उघड होते. काही ठशांवर तर ग्रीक देवदेवतांच्या आकृती आहेत. त्या मुद्रा वापरणारे कोण होते, आणि त्यांनी काशीहून काय मागविले, हे सांगणारे पत्र जवळ नाही. आपल्या हाती लखोट्यावरची मोहोर तेवढी आली आहे.

तरी अधूनमधून एखादा माणूस स्वतःच बोलतो. राजघाटावर एक दगडी स्तंभ मिळाला. त्याच्या चार बाजूंना विष्णूच्या अवतारांच्या आकृती आहेत, आणि त्यावर बुधगुप्ताच्या राज्यातील गुप्त संवत् १५९, म्हणजे इसवी सन ४७८-७९ चा लेख आहे. तो उभारणारी राणी नव्हे. तिचे नाव दामस्वामिनी; आईबापांची नावे तिने दिली आहेत. काशीला येऊन काहीतरी उभारून जावे, त्यावर आपले व आपल्या माणसांचे नाव असावे, ही जी इच्छा घाटांवरच्या शेकडो मराठी शिलालेखांत व फरशांत आपल्याला दिसते, तीच या स्त्रीने पंधराशे वर्षांपूर्वी बोलून दाखविली आहे.

काशीत काही बदलत नाही, असे आपण फार सहज म्हणतो. ते खरे नाही. ते शहरच आपल्या जागेवरून सरकले. राजघाटाची वस्ती ओसरली आणि शहराचे हृदय दक्षिणेकडे गेले. देवस्थानांची नावे व महत्त्व बदलले. कारागिरांच्या आळ्या बदलल्या. जिवंत शहराचा हाच स्वभाव असतो. ते जुन्या विटा काढून नव्या भिंतीत घालते आणि पुढे जाते. उरचे तसे झाले नाही. युफ्रेटिसने पात्र बदलले, शेते ओसाड पडली, माणसे निघून गेली, आणि वाळूने ते शहर जसेच्या तसे झाकून ठेवले. तेथे पत्र शिल्लक आहे, घेणारे गाव नाही. काशीत गाव शिल्लक आहे, पण पत्र हरवले आहे. या दोहोंत अधिक भाग्याचे कोण, असा प्रश्न मी काशीच्या एका वृद्ध क्षेत्रोपाध्यायांना विचारला. ते हसून म्हणाले, “साहेब, आमच्याकडे वही आहे की! तुमच्या पणजोबांची सही दाखवू?” आणि त्यांनी ती खरोखरच दाखविली. मोडी अक्षरांत नाव, गाव, सोबतच्या माणसांची यादी आणि शाई फिकट झालेली. मातोश्रींनी त्या ओळीवरून बोट फिरविले आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तेव्हा माझ्या मनात १९४० सालचे ते खोदकाम आले. त्या वेळी बाजारात गेलेली प्रत्येक मूर्ती, प्रत्येक शिक्का आज कोणत्या तरी कपाटात सुरक्षित असेल. पण तो कोणत्या थरातून, कोणत्या घराशेजारून निघाला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. क्रमांक फाटलेल्या फाइलीसारखी त्याची अवस्था आहे. कागद आहे, पण तो कोणत्या प्रकरणातला, याचा पत्ता नाही. सुमेरच्या पाट्यांचेही पुष्कळदा असेच झाले आहे. चोरट्या खणतीतून आलेल्या पाट्या वाचता येतात, पण त्या कोणाच्या घरच्या, ते कळत नाही.

हे दूरचे दुःख आहे असे श्रोत्यांनी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात जुन्या गावाच्या जागेला पांढर म्हणतात. त्या पांढरीची माती धाब्यावर घालावयास आणि शेतात खत म्हणून टाकावयास गाड्या भरभरून नेण्याची चाल जुनी आहे. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलियांनी, आणि पुढे इनामगाव येथे १९६८ पासून त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पांढरीखालून तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी, त्याची चूल, त्याची कणगी आणि मडक्यात पुरलेले त्याचे मूल बाहेर काढले. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. त्यांची एकमेव वही म्हणजे ती माती. जी पांढर उकरून शेतात पसरली गेली, तिच्यातली वही कायमची गेली.

परतीच्या वेळी गाडी पुन्हा त्या पुलावर आली. मातोश्रींच्या मांडीवर तोंड झाळून घेतलेला गंगेचा गडू होता. डब्यातली मंडळी घाटांचे शेवटचे दर्शन घ्यावयास गर्दी करू लागली. मी मातोश्रींना दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसविले आणि ते टेकाड दाखविले. त्यांनी विचारले, “तिथे कोणता देव आहे?” मी म्हटले, “देव नाही, आई. तिथे माणसे राहत होती.” त्यांनी क्षणभर पाहिले आणि घाटांना केला होता तसाच नमस्कार तिकडेही केला.